ऑनलाइन डेनिम जॅकेट घेताना साईज कशी ठरवायची? एम घट्ट होतं, एल ढगळ होतं, मग घ्यायचं काय?

तुमचा प्रश्न वाचून मला माझंच जुनं दुखणं आठवलं. तुम्ही लिहिलंय की एम मागवलं तर खांद्यात बसलं, पण खालची बटणं लागेनात. एल मागवलं तर बटणं लागली, पण खांदे दंडावर उतरले. शिवाय आतून हुडी घालायची आहे, आणि स्ट्रेच कापड घ्यावं का हेही विचारलंय. मी अशी तीन जॅकेटं परत पाठवली आहेत. चौथं ठेवलं ते बरं बसलं म्हणून नव्हे, परत करायची मुदत टळली म्हणून! त्यानंतर मात्र टेप हातात घेतला, आणि पुढची दोन पहिल्या फटक्यात बरोबर आली.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा: एम, एल ही मापं नाहीत, नावं आहेत. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा निघू शकतो. एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या जॅकेटांचे एमसुद्धा जुळतीलच असं नाही, कारण एक स्लिम कट असतं आणि दुसरं मुद्दाम ढगळ शिवलेलं. त्यामुळे ‘मला शर्ट एम बसतो’ ही माहिती जॅकेट निवडताना जवळजवळ निरुपयोगी आहे.

खरं माप तुमच्या कपाटात आहे. अंगावर छान बसणारं एखादं जॅकेट काढा. तेही नसेल तर जाड कापडाचा, समोरून पूर्ण उघडणारा शर्ट चालेल. बटणं लावून ते सपाट जमिनीवर पसरा, सुरकुत्या हातानं काढा (ओढून ताणू नका) आणि चार मापं घ्या. एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत छाती. पाठीकडून एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या खांद्याच्या शिवणीपर्यंत खांदा. खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत बाही. आणि कॉलरच्या खालच्या शिवणीपासून पाठीवरून सरळ खालपर्यंत उंची. गलेलठ्ठ स्वेटर किंवा ताणणारा टी-शर्ट मापायला घेऊ नका, टेप त्याच्यावर काहीही दाखवतो.

आता साईट उघडा. इथे माझी पहिली चूक झाली होती. साईज चार्टमध्ये दिलेली छाती तुमच्या अंगाची आहे की जॅकेटची, हे आधी बघायचं. चार्टमध्ये एमसमोर ‘छाती ९६ ते १००’ असं असेल तर ते अंगाचं माप आहे: ज्याची छाती एवढी, त्यानं हे घ्यावं. ‘छाती ५५’ असं असेल तर ते जॅकेट सपाट पसरून मोजलेलं आहे, म्हणजे पूर्ण घेर ११० सेंटीमीटर. मी अंगाचं माप जॅकेटचं समजलो, ‘अरे, ९८ म्हणजे तर मला अंगासरशी होईल’ असं म्हणत एक साईज मोठी मागवली, आणि आलं ते जॅकेट कमी, तंबू जास्त. आणि इंच-सेंटीमीटरचा घोळही बघून घ्या. १ इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, आणि काही साईटवर ते बदलायचं बटण कोपऱ्यात लपलेलं असतं.

छातीच्या घेरात किती मोकळीक हवी? माझी छाती ९८ आहे. टी-शर्टवर घालायच्या जॅकेटचा घेर मला १०८ च्या आसपास बरा वाटतो, शर्टावर ११०, आणि आत हुडी असेल तर ११३-११४ पेक्षा कमी नको. म्हणजे अंगापेक्षा १० ते १६ सेंटीमीटर जास्त. हा काही शास्त्रातला नियम नाही, माझ्या अंगावरचा हिशेब आहे. पण सुरुवात करायला पुरतो. हुडीबाबत एक गोष्ट लोक विसरतात: तिची अडचण छातीत कमी आणि बाहीत जास्त होते. छातीत मावली तरी दंडात अडकते. वर्णनात दंडाचा घेर दिला असेल तर तो नक्की बघा. आतून लोकरीसारखं अस्तर असलेली जॅकेटं तर अस्तरातच जागा खातात. बाहेरून मोजलेली छाती तिथे फसवी ठरते.

पण तुमच्या दुखण्याचं मूळ मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. खांदा एमचा बरोबर आणि खालची बटणं लागत नाहीत, याचा अर्थ साईज चुकली नसावी, कट चुकला असावा. आज दिसणारी बहुतेक डेनिम जॅकेटं ज्या घाटाची नक्कल करतात, तो लिव्हाइस कंपनीनं १९६२ च्या सुमारास आणलेला, ट्रकर नावानं ओळखला जाणारा. खिशांपासून कमरेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या त्या दोन तिरप्या शिवणी आठवतात? छाती रुंद, कंबर अरुंद अशी ती ठेवण आहे. त्याआधीची जॅकेटं जास्त चौकोनी होती, आणि पुढच्या बाजूला टाके घालून बसवलेल्या चुण्या असत. जागा कमी पडली तर ते टाके कापून चुण्या मोकळ्या करता येत. नव्या घाटात ती सोय राहिली नाही. त्यामुळे पोट किंवा कंबर छातीच्या मानानं भरलेली असेल तर ट्रकर कट सगळ्यात शेवटच्या बटणावर अडतो, आणि माणूस समजतो की साईज लहान पडली.

अशा वेळी मोठी साईज मागवणं म्हणजे बूट चावतो म्हणून पॅन्ट बदलण्यासारखं आहे. तोच एम सरळ कटमध्ये शोधा. वर्णनात बॉक्सी, रिलॅक्स्ड किंवा रेग्युलर असे शब्द दिसतात. खालच्या पट्टीचा घेर चार्टमध्ये बहुतेक वेळा नसतोच, पण विक्रेत्याला विचारता येतो, आणि विचारल्यावर बरेच जण मोजून सांगतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना बटणाच्या छोट्या पट्ट्या असतील तर त्यांच्यामुळे थोडी सैल-तंग करायची मुभा मिळते. थोडीच, पण कधी कधी तेवढीच हवी असते.

दोन मापांची ओढाताण झाली तर मी डोळे मिटून खांद्याच्या बाजूनं कौल देतो. त्याचं कारण मला एका शिंप्यानं दाखवलं. डेनिम जॅकेटच्या मुख्य शिवणी कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, वरून दोन समांतर टिपा मारून केलेल्या असतात. त्या भक्कम असतात, पण आत दाबलेलं जादा कापड जवळपास नसतंच. म्हणजे तंग जॅकेट उसवून सैल करणं विसराच. खांदा आत घ्यायचा तर बाही पूर्ण काढून पुन्हा बसवावी लागते, आणि शिंपी आधी जॅकेटकडे, मग तुमच्याकडे बघतो. बाही आखूड करता येते, पण त्यासाठी कफ उसवून वर चढवावा लागतो. शिवाय कापडाचा मूळचा फिकटपणा आणि घड्यांच्या खुणा नव्या जागी जुळत नाहीत. त्यापेक्षा कफ एकदा दुमडला की काम झालं. जरा लांब बाही म्हणूनच मला चालते. शिवाय काही दिवस वापरल्यावर कोपरात घड्या बसतात आणि बाही थोडी वर सरकते.

ड्रॉप शोल्डर म्हणजे मुद्दाम दंडावर उतरवलेली शिवण असेल, तर मात्र खांद्याच्या मापाला अर्थ उरत नाही. तिथे पाठीच्या मध्यापासून, मानेच्या खालून, कफपर्यंत एकच लांबी मोजतात. आपल्या जॅकेटची तीच लांबी काढून तुलना करा. तुम्हाला आलेलं एल कदाचित असलंच होतं, एकदा फोटो पुन्हा बघा.

आता कापड. तुम्ही विचारलेलं स्ट्रेच म्हणजे सुतात १-२ टक्के इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. त्यानं हात पुढे करताना पाठ आवळत नाही, पहिल्या दिवसापासून बरं वाटतं. पण ते लहान साईजला मोठी करत नाही. बटणांच्या मध्ये कापड फाकत असेल तर ते स्ट्रेचमध्येही फाकणारच. शंभर टक्के सुती डेनिम सुरुवातीला पुठ्ठ्यासारखं वाटतं, आणि वापरून कोपरात, पाठीवर सैलावतं. खांद्याची शिवण मात्र सैलावत नाही. ‘घालून घालून होईल’ ही आशा खांद्याच्या बाबतीत करू नये.

कापडाचं वजन औंसात देतात, म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन. १ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४ ग्रॅम. १२-१४ औंसाचं कापड जाड आणि ताठ, ८-१० चं हलकं. जाड कापडाला तेवढ्याच मापात जास्त मोकळीक लागते, कारण ते अंगाबरोबर वळत नाही.

आटण्याची भीती बहुतेक जॅकेटांत धरायचं कारण नाही. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकी संशोधकानं १९३० मध्ये पेटंट घेतलेल्या सॅनफरायझिंगच्या पद्धतीनं कापड शिवण्याआधीच आटवून घेतात, आणि दुकानी जॅकेट त्यावर कारखान्यात धुतलेलंही असतं. वर्णनात ‘रॉ’ आणि ‘अनसॅनफराइज्ड’ असे शब्द एकत्र दिसले तर मात्र थांबा. ते कापड पहिल्या धुण्यात १० टक्क्यांपर्यंत आटू शकतं, आणि उभ्या धाग्याच्या दिशेनं जास्त. म्हणजे ६२ ची बाही ५६ वर यायची! नुसतं रॉ म्हणजे न धुतलेलं; त्यातलं सॅनफराइज्ड असेल तर ते फारसं आटत नाही.

फोटोंवर माझा विश्वास नाही. मॉडेलच्या पाठीमागे जॅकेट क्लिपनं आवळलेलं असू शकतं. मॉडेलची उंची आणि तिनं घातलेली साईज दिली असेल तर ती कामाची, पण त्याहून कामाचे ग्राहकांनी स्वतः टाकलेले फोटो. अभिप्रायांत ‘छान आहे’वाले सोडा, ‘माझी उंची एवढी, वजन एवढं, एल घेतलं, खांद्यात सैल’ असं लिहिणारा एक माणूस पन्नास तारकांना भारी. मोजून दिलेली मापंसुद्धा १-२ सेंटीमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून काठावरची साईज मी टाळतो.

जॅकेट आलं की टॅग न काढता घरातच घाला, आत हुडी घालूनच. सगळी बटणं लावा. दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारा. पाठीत ओढ बसली, पण श्वास घेता आला तर ठीक. मग हात वर करा. डेनिम जॅकेट वर सरकणारच, ते आखूडच असतं, पण कफ मनगटाच्या हाडापासून चार बोटं मागे गेला तर बाही कमी आहे. खुर्चीत बसून शेवटचं बटण तपासा. तुमच्या एमचा खरा निकाल तिथेच लागेल, आणि ते बटण उघडं ठेवून बसायला तुमची हरकत नसेल तर आधी परत पाठवलेलं एमसुद्धा पुन्हा मागवायला हरकत नाही. मी माझं शेवटचं बटण आजवर लावलेलं नाही.