लग्न आठ दिवसांवर आणि सुतक आलं, आता नवी तारीख कशी धरावी?

तुम्ही लिहिलंय की लग्न आठ दिवसांवर असताना नवऱ्यामुलाचे सख्खे काका गेले, पत्रिका वाटून झाल्यात, कार्यालयाचे पैसे भरलेत. वाचून फार वाईट वाटलं. माझ्या मुलीच्या लग्नाला नऊ दिवस उरले होते तेव्हा तिचे चुलत आजोबा गेले, म्हणून लिहितेय.

नांदीश्राद्ध, म्हणजे देवक बसवताना पितरांसाठी होणारा विधी, झालं असेल तर नंतर आलेलं सुतक कार्याला बाधत नाही, आणि लग्नात ते जास्तीत जास्त 10 दिवस आधी करता येतं. कुणीतरी तुम्हाला हे सांगेलच. पण आपल्याकडे देवक बहुतेक आदल्या दिवशी नाहीतर त्याच सकाळी बसतं. आणि शास्त्राने चालत असलं तरी काकू घरात रडत असताना सनई लावू नये, असं मला मनापासून वाटतं. दहावं-तेरावं होईपर्यंत त्या घरी तारखेचा विषयही काढू नका.

कार्यालयात मात्र आजच जा. आमचं इथेच चुकलं. आम्ही आधी गुरुजींकडून मुहूर्त काढला, पुतण्याने लगेच तो घरच्या ग्रुपवर टाकला, आणि मग कळलं की त्या दिवशी कार्यालयात दुसऱ्यांची मुंज आहे. दुसरी तारीख ज्येष्ठ वद्यातली निघाली. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, तेव्हा पालख्या पुण्यात असतात." आमची निम्मी माणसं नाना पेठेत आणि भवानी पेठेत, म्हणजे पालख्यांच्या मुक्कामालाच. रस्ते बंद, येणार कशी? मिरजेच्या आत्यांनी तोवर रेल्वेचं आरक्षणही केलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते अजून लागून आहे.

म्हणून क्रम उलटा ठेवा. कार्यालयाच्या मोकळ्या तारखा कागदावर लिहून आणा, तो कागद गुरुजींपुढे ठेवा, त्यातल्या ज्या जुळतील त्या केटररला विचारा. तिघांचा होकार आल्याशिवाय कुणालाही तारीख सांगू नका, अगदी सख्ख्या भावालासुद्धा. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा नेहमीचे मुहूर्त मिळणार नाहीत. चातुर्मासात जावं लागलंच तर पंचांगात गौणकालाचे, म्हणजे नेहमीच्या काळाबाहेर अडचणीसाठी काढलेले, मुहूर्त दिलेले असतात, तेही विचारा. भरलेले पैसे परत मागण्यापेक्षा पुढच्या तारखेला वळते करून घ्या आणि तसं त्याच पावतीवर लिहून सही घ्या.

कळवायचं फोनवरच. आमच्याकडे आमंत्रणाची वही होती. लग्न पुढे गेल्याचं ज्यांना सांगितलं त्यांच्या नावापुढे लाल खूण, नवी तारीख सांगितली की निळी. लाल खूण करायची राहिलेली नावं जवळजवळ सगळी म्हाताऱ्या माणसांची निघाली. ज्यांचे फोन लागले नाहीत त्यांच्या घरी हे स्वतः जाऊन आले.

तरीही मूळ तारखेला कार्यालयाच्या दारात घरातलं माणूस उभं करा. आमचे हे सकाळी नऊपासून उभे होते. अकरा जण आले. त्यात आमच्या जुन्या वाड्यातले एक आजोबा होते, इस्त्रीचा सदरा, खिशात आहेराचं पाकीट. हे त्यांना रिक्षात घालून घरी घेऊन आले. मी पोहे केले, मुलगी त्यांच्या पाया पडली. पाकीट त्यांनी तेव्हाच तिच्या हातात दिलं.