उंबरठ्यावरची षट्कोणी चांदणी

प्रश्न : माझ्या सासूबाई दर शुक्रवारी उंबरठ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी काढतात. तिच्या मधोमध सहा टोकांची चांदणी असते. बेळगावात शिकणाऱ्या भाच्याने मोबाइलवर पाहून सांगितले, की ही ज्यू लोकांची खूण आहे, आणि पाच टोकांची चांदणी तर सैतानाची. तेव्हापासून सासूबाईंचा हात रांगोळीकडे वळेनासा झाला आहे. खरे काय?
— एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : सासूबाईंनी येत्या शुक्रवारी निःशंक मनाने रांगोळी काढावी. आपल्या सीमाभागात मराठी घरांत ज्याला ठिपका म्हणतात आणि शेजारच्या कन्नड घरांत चुक्की, असे १३ ठिपके १, ४, ३, ४, १ या ओळींनी मांडून दोन त्रिकोण जोडले, की षट्कोण, म्हणजे ही सहा टोकांची चांदणी, तयार होतो. बारा ठिपके रेघांत येतात आणि मधला एक कोणत्याही रेघेला न लागता तसाच उरतो. तंत्रपरंपरेत याच मध्याला बिंदू म्हणतात; वर टोक असलेला त्रिकोण शिवाचा व अग्नीचा, खाली टोक असलेला शक्तीचा व जलाचा, आणि दोहोंच्या मीलनातून सृष्टी, असा त्याचा अर्थ लावला जातो. योगात हृदयस्थानी मानलेल्या अनाहत चक्राच्या १२ पाकळ्यांच्या कमळातही हाच षट्कोण आहे. देवीच्या उपासनेतील श्रीचक्र या यंत्रात तर असे ४ ऊर्ध्वमुख आणि ५ अधोमुख त्रिकोण एकमेकांत गुंफून ४३ लहान त्रिकोण होतात.

मग ही आकृती इतरांकडे कशी? वर्तुळ काढून कर्कटक तेवढेच उघडे ठेवून परिघावर फिरवले, की परिघाचे बरोबर सहा भाग पडतात. त्यामुळे गवंडी असो वा सुतार, कोणत्याही देशाच्या कारागिराला ती आपोआप सापडते. दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्यावर ती आहे, आणि इस्लामी परंपरेत तिला सुलेमानची मोहर म्हणतात. इस्राएलच्या उत्तरेकडील गॅलिलीतील कफर्नहूमच्या प्राचीन सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) दगडी नक्षीत ती पाच टोकांच्या चांदणीसह दिसते, पण तेथे ती केवळ शोभेची असावी, असे मला वाटते. ज्यू समाजाची ओळख म्हणून ती हळूहळू रूढ झाली: १३५४ मध्ये सम्राट चौथा चार्ल्स याने प्रागच्या ज्यूंना स्वतःचा ध्वज वापरण्याची परवानगी दिली, त्यावर ती होती असे परंपरा सांगते, १८९७ च्या स्वित्झर्लंडमधील बाझल येथील झायनिस्ट (ज्यूंसाठी स्वतंत्र मायभूमी मागणाऱ्या चळवळीच्या) परिषदेने ती स्वीकारली आणि १९४८ मध्ये ती इस्राएलच्या ध्वजावर आली. त्याआधी, सप्टेंबर १९४१ पासून, नाझी राजवटीने जर्मनीतील सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला पिवळी चांदणी कपड्यावर शिवायला लावली होती. त्या कापडाच्या तुकड्याची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी ही आकृती किती जड असेल, हे भाच्यालाही जरूर सांगावे.

पाच टोकांची चांदणी हात न उचलता एका रेघेत काढता येते. पायथागोरसच्या अनुयायांनी तिला आरोग्याची खूण मानले. मध्ययुगीन युरोपात ती ख्रिस्ताच्या पाच जखमांशी जोडली गेली. ती उलटी केली की अशुभ, ही समजूत मुख्यतः १९व्या शतकातील फ्रेंच लेखक एलिफास लेवी यांच्या लेखनापासून पसरली. मोरोक्कोच्या लाल ध्वजावर १९१५ पासून तीच चांदणी हिरव्या रेघांनी विणलेली आहे.