पहिलाच फॉर्म आहे ना? मग एवढं सांभाळा
खानापूरच्या दुकानाच्या वेबसाइटसाठी कुंद्याची (मिठाईची) ऑर्डर घेणारा फॉर्म करताय, झकास! फ्रेमवर्कच्या (तयार कोडच्या सांगाड्याच्या) नादी आत्ताच लागू नका, पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेची) एक साधी फाइल पुरते. सुरुवातीला हमखास राहतं ते इनपुटचं, म्हणजे फॉर्ममधल्या रकान्याचं, 'नेम' (name). नुसता आयडी (id) दिलात तर त्या रकान्यातलं सर्व्हरकडे काहीच पोचत नाही. माझी त्यात अख्खी रात्र गेली होती.

- ब्राउझरच्या 'रिक्वायर्ड'वर (रकाना रिकामा सोडू न देणाऱ्या खुणेवर) विसंबू नका, सर्व्हरवर पुन्हा तपासा.
- आलेला मजकूर एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत) थेट चिकटवू नका. प्रिपेअर्ड स्टेटमेंटच वापरा, म्हणजे आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवा.

आणि आपल्याकडे नावं मराठीत येणार, कन्नडातही. मजकुराची लांबी सांगणारं पीएचपीचं 'स्ट्रलेन' (strlen) बाइट मोजतं, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) 'कुंदा'चे १५. 'एमबी स्ट्रलेन' (mb_strlen) अक्षरं, मात्रा आणि अनुस्वार वेगवेगळे मोजून ५ सांगतं. लॉगिनचं नंतर बघू. आधी आलेलं नाव पडद्यावर दाखवा, तेही 'एचटीएमएल स्पेशल चार्स'मधून (htmlspecialchars), म्हणजे त्यातली चिन्हं कोड म्हणून चालणार नाहीत.