बाड घरी, कथा पिशवीत

प्रश्न : मी फोंड्याची. पंधरा कथा लिहून ठेवल्यात. पणजीत लेखक-संमेलन आहे. प्रकाशक भेटतील? सगळं बाड नेऊ का?

उत्तर : भेटतील ताई, पण बाड घरीच ठेवा. आपल्याला संमेलनांची हौस जुनी, मडगावात १९३० सालीच मराठी साहित्य संमेलन भरलं होतं! मी २०० पानं पिशवीत कोंबून कदंबा बस पकडली होती. प्रकाशकाने त्यावर चहाचा कप ठेवला. गोल डाग अजून आहे. एकच कथा न्या. कार्यशाळेत मोठ्याने वाचा आणि ऐकणारे जिथे चुळबुळतील तिथे पेन्सिलीने खूण करा. माझं दीड पान तिथेच उडालं (पावसाचं वर्णन, दुसरं काय!). प्रकाशकाला आधी विचारा, छपाईचा खर्च कोणाचा? ‘अर्धा तुमचा’ म्हणाले, तर सरळ जेवणाच्या रांगेत लागा.