गणित सोडू देऊ नका

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातला शेतकरी. मुलगी अकरावी सायन्सला आहे. औंढा नागनाथला लिगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार हे कळल्यापासून खगोलशास्त्राचा ध्यास घेऊन बसली आहे. आम्हाला वाटतं, गणित सोडून नीटची तयारी करावी. ग्रह-तारे बघून पोट भरतं का?

उत्तर : दादा, तुमची काळजी रास्त आहे. तरी पहिली विनंती हीच, की तिला गणित सोडायला लावू नका. आज गणित सुटलं तर खगोलशास्त्राबरोबर इंजिनिअरिंगचीही वाट बंद होते.

तुमच्या जिल्ह्यात काय होतंय ते जरा जवळून बघा. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याचा अवकाशाला बसलेला हादरा, म्हणजेच गुरुत्वीय लहर, सुमारे १३० कोटी वर्षं प्रवास करून १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या लिगोत पोचला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकाला काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले ४० किलोचे आरसे. ते हलले किती, तर प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढे! एवढंसं हलणं पकडायला लेझर, निर्वात नळ्या, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरची माणसं लागतात. औंढ्याच्या प्रकल्पाला केंद्राने २०२३मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. तुमची लेक शिकून तयार होईल, त्या सुमारास अशी माणसं तिथेही लागतील.

आणि हे सगळं परदेशातच घडतं असंही नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. स्पंदक नावाचे तारे रेडिओ लहरींचे घड्याळासारखे नियमित ठोके देतात. ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना ते ठोके थोडे रखडतात, आणि किती रखडले हे जीएमआरटीच्या कमी वारंवारतेवर नेमकं कळतं. ते वजा केलं, की गुरुत्वीय लहरींमुळे ठोक्यांत पडलेला बारीक फरक शोधता येतो. ही मोजमापं युरोपच्या नोंदींना जोडून २०२३मध्ये अतिमंद (फार सावकाश हेलकावणाऱ्या) गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला गेला. त्या कामात आपल्याकडचे तरुण संशोधक होते.

आता पोटाचं. वाट लांब आहे, हे लपवत नाही. बारावीनंतर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा द्यावी, नाहीतर चांगल्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, पुढे पीएचडी. फेलोशिप मिळाली की पीएचडीला घरून पैसे पाठवावे लागत नाहीत. जेआरएफ ही नव्या संशोधकांची फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे. मात्र संशोधन संस्थांतल्या कायम जागा मोजक्या, आणि तिथे पोचेपर्यंत तिशी उलटते. घरी लग्नाचा विषय त्याआधीच निघेल. तेव्हा तुम्ही तिच्या मागे उभे राहाल का, याचा विचार आजच करून ठेवा.

खगोलात जागा नाही मिळाली तरी ती रिकामी राहणार नाही. प्रचंड डेटातून बारीक खूण शोधायची सवय लागलेल्या मुलांना सॉफ्टवेअर कंपन्या आणि बँकाही घेतात. म्हणून तिला आत्तापासून पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा शिकू द्या. घरी कॉम्प्युटर नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरतं. पुढच्या वर्षी बारावीची परीक्षा आडवी येईल, म्हणून याच वर्षी जा. तिच्या आईलाही न्या. तबकड्यांखाली उभं राहून तुमच्या मनातलं सगळं तिथल्या इंजिनिअरांना विचारा, पगारासकट.