वाचकांचे प्रश्न : हॅमस्टरसाठी घरच्या घरी पिंजरा

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी दोन महिन्यांपूर्वी आम्ही एक सीरियन हॅमस्टर घरी आणला. दुकानदाराने सोबत दिलेला तारेचा पिंजरा जेमतेम दीड फूट लांबीचा असून, मध्यरात्रीनंतर तो त्याचे गज कुरतडत बसतो. त्यामुळे कोणाचीच झोप होत नाही. मोठे तयार पिंजरे आमच्या आवाक्याबाहेरचे आहेत. घरातील जुन्या सामानातून सुरक्षित पिंजरा करता येईल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अवश्य करता येईल, आणि तो दुकानातल्या बहुतेक पिंजऱ्यांपेक्षा सरस होईल. गज कुरतडणे हे बहुधा जागा अपुरी पडत असल्याचे लक्षण असते, त्यामुळे सुरुवात मापापासून करावी. सीरियन हॅमस्टरला किमान 100 सेंमी लांब व 50 सेंमी रुंद असा सलग तळ मिळावा. वरचे मजले, शिड्या आणि रंगीत नळ्या आपल्या डोळ्यांना सुखावतात, परंतु जमिनीवर धावणाऱ्या आणि बिळात राहणाऱ्या या प्राण्याला त्यांचे फारसे अप्रूप नसते. प्लॅस्टिकचा डबा घेणार असाल, तर टेप घेऊनच दुकानात जावे आणि माप आतून, तळाशी घ्यावे. हे डबे खाली निमुळते होत असल्याने झाकणावरून अंदाज हमखास चुकतो.

एवढा मोठा डबा न मिळाल्यास सनमायका लावलेले जुने पुस्तकांचे कपाट पाठीवर आडवे ठेवून आतल्या फळ्या काढून टाकाव्यात. सनमायकामुळे मूत्र लाकडात मुरत नाही. मात्र अशा कपाटाची खोली साधारण एक फूटच असते, आणि तळाशी 20 सेंमी अंथरूण व त्यावर 28 सेंमी व्यासाचे चाक धरले, तर उंची निदान 50 सेंमी हवी. म्हणून कडेने उभ्या फळ्या ठोकून वर जाळीचे झाकण बसवावे. ही जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी, अर्ध्या इंचाहून कमी छिद्रांची वेल्डेड जाळी असावी (लहान ड्वार्फ जातींसाठी पाव इंची), कारण नायलॉनची मच्छरजाळी तो एका रात्रीत कुरतडून बाहेर पडेल. कापलेल्या तारांची टोके बाहेरच्या बाजूला वळवून लाकडी पट्टीखाली दाबावीत. डबा वापरल्यास त्याच्या झाकणाचा मधला बराचसा भाग कापून तेथे नट-बोल्ट व वॉशरने जाळी आवळावी. दोन-चार भोके पाडल्याने हवा पुरेशी खेळत नाही.

अंथरुणासाठी सुताराकडचा फुकटचा भुसा नको. त्यात बारीक धूळ असते, शिवाय तो प्लायवूडचा असल्यास चिकटद्रव्यही येते. देवदार व कच्च्या पाइनचा भुसाही श्वसनाला बाधतो. छपाई नसलेल्या कागदाच्या पट्ट्या व सुके गवत एकाआड एक पसरून हलके दाबावे. नुसत्या कागदात बोगदा ढासळतो, गवताने तो टिकतो. कापसाचे तंतू पायांना गुंडाळले जातात, म्हणून घरट्यासाठी साधे टिश्यू पेपर फाडून द्यावेत. लपण्यासाठी पुठ्ठ्याची खोकी चालतात, पण त्यांच्या पिना व चिकटपट्ट्या आधी काढाव्यात. आपल्या नाशिकमध्ये हंगामात द्राक्षांच्या पेट्या सहज मिळतात खऱ्या; तथापि ज्या पेटीत द्राक्षे टिकवण्यासाठी सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागदी पॅड ठेवलेला होता, ती पेटी यासाठी वापरू नये.

वाचलेले पैसे चाकावर खर्च करावेत. ते सलग पृष्ठभागाचे असावे, कारण गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो. आणि लहान चाकात धावताना पाठीला कायमचा बाक पडतो. आपण एकच हॅमस्टर आणला, हे उत्तम झाले. मुलीने दुसऱ्याचा हट्ट धरला तरी त्याला या पिंजऱ्यात ठेवू नये, कारण मोठे सीरियन हॅमस्टर एकत्र राहिले की जिवावर उठेपर्यंत भांडतात.

पिंजरा गॅलरीत ठेवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात प्लॅस्टिकचा डबा भट्टीसारखा तापतो, तर पारा एक आकडी होतो त्या थंडीत प्राणी मेल्यासारखा निपचित पडू शकतो. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. खडू किंवा फवारा वापरू नये.

राहिला झोपेचा प्रश्न. हा प्राणी निशाचर असल्याने रात्री धावणारच, तेव्हा पिंजरा झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावा; आणि चाक करकरू लागले, तर त्याच्या आसावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा.