सुन्नी, हनफी, बरेलवी, कादरी : सगळ्यांना ‘पंथ’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : मराठी बातम्यांत आणि लेखांत सुन्नी, हनफी, बरेलवी, कादरी, बोहरा या सगळ्याच नावांपुढे ‘पंथ’ लावलेले दिसते, ते योग्य आहे का?

योग्य नाही. एकच माणूस एकाच वेळी सुन्नी, हनफी, बरेलवी आणि कादरी असू शकतो, आणि असे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. ही चार नावे चार वेगळ्या गोष्टी सांगतात.

शिया आणि सुन्नी यांना पंथ खुशाल म्हणावे. 632 साली पैगंबरांचे निधन झाल्यावर नेतृत्व कोणाकडे जावे, यावरून हा भेद सुरू झाला. ‘शिया’ म्हणजे मुळात ‘अलींचा’, म्हणजे पैगंबरांच्या जावयाचा, ‘पक्ष’. ओमानमधले इबादी या दोन्हींत बसत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

हनफी, मालिकी, शाफई, हंबली हे सुन्नींमधले चार ‘मजहब’. इथे मराठी लेखक हमखास चुकतो, कारण हिंदी-उर्दूच्या सवयीने मजहब म्हणजे धर्म हाच अर्थ आपल्या कानात बसलेला आहे. अरबीत त्याचा मूळ अर्थ जाण्याची वाट. शास्त्रात, शरियतचे नियम काढण्याची पद्धत. अबू हनीफा (मृत्यू 767), मालिक (795), शाफई (820) आणि इब्न हंबल (855) या इमामांच्या नावांनी त्या चालतात, आणि चारही एकमेकींना वैध मानतात. म्हणून ‘हनफी पंथ’पेक्षा ‘हनफी विधिपरंपरा’ नेमके.

हा फरक महाराष्ट्रात रोजच्या व्यवहारात दिसतो. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. अरबस्तानाशी समुद्रमार्गे चाललेल्या व्यापाराचा हा वारसा. मध्यान्हीची सावली वगळून वस्तूची सावली तिच्याएवढी झाली की शाफईंची अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ सुरू होते. हनफींच्या रूढ मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. नमाजाच्या वेळापत्रकांत अस्रच्या दोन वेळा छापतात त्या यामुळे. जमातीच्या (सामूहिक) नमाजात फातिहानंतर, म्हणजे कुराणाच्या पहिल्या अध्यायानंतर, शाफई ‘आमीन’ मोठ्याने म्हणतात, हनफी मनातल्या मनात. ताटातही फरक आहे : हनफींना समुद्रातला फक्त मासा चालतो, त्यामुळे माकूल वर्ज्य, आणि कोळंबी मासा धरावी की नाही यावर त्यांच्याच विद्वानांत दोन मते, शाफईंना दोन्ही चालतात.

बरेलवी आणि देवबंदी दोघेही बहुतांशी हनफीच. देवबंदचे दारुल उलूम 1866चे; बरेलवी हे नाव बरेलीच्या अहमद रझा खान (1856–1921) यांच्यावरून. दर्गा, उर्स, मिलाद (पैगंबरजयंती) यांविषयीच्या भूमिकेत ते वेगळे. यासाठी उर्दूत ‘मसलक’ म्हणतात (बोलण्यात हनफी-शाफईंनाही मसलक म्हणतात, तेवढी सैल सीमा मान्य करावी लागते). मराठीत मसलक तसाच ठेवावा. आणखी एक खाचखळगा : बरेलवी स्वतःला ‘अहले सुन्नत’ किंवा नुसते ‘सुन्नी’ म्हणवतात. म्हणून ‘सुन्नी विरुद्ध देवबंदी’ असे कोणी म्हणाले की ते शब्दशः घेऊ नये, देवबंदीही सुन्नीच. अहले हदीस (थेट हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने, प्रमाण मानणारे) मात्र चारपैकी कोणत्याही इमामाचे बंधन मानत नाहीत.

चिश्ती, कादरी, सुहरावर्दी, नक्शबंदी हे सूफींचे ‘सिलसिले’. सिलसिला म्हणजे साखळी. मुर्शिद (गुरू) ते मुरीद (शिष्य) अशी दीक्षेची. खुलताबादचे बुर्‍हाणुद्दीन गरीब चिश्ती होते. याला मराठीत ‘गुरुपरंपरा’ किंवा ‘संप्रदाय’ चपखल बसतो, पंथापेक्षा कितीतरी अधिक.

बोहरा, खोजा, मेमन ही समाजांची नावे, पंथांची नव्हेत. खोजांत आगाखानांना मानणारे निझारी इस्माइली (शियांची एक शाखा) आहेत, इस्ना अशरी (बारा इमाम मानणारे शिया) आहेत आणि सुन्नीही. खोजा मुळात कोण, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता आणि 1866मध्ये न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकाल आगाखानांच्या बाजूने दिला. दाऊदी बोहरा शिया इस्माइली, पण निझारी नव्हेत. इस्माइलींमधली ही फूट 1094मध्ये फातिमी खलिफा मुस्तनसिर यांच्या मृत्यूनंतरची. गुजरातेत सुन्नी बोहराही आहेत, त्यामुळे नुसते ‘बोहरा’ न लिहिता ‘दाऊदी बोहरा’ लिहावे.

‘वहाबी’ हा शब्द आपल्याकडे बहुधा विरोधकच वापरतात. ज्याच्याविषयी लिहायचे तो स्वतःला देवबंदी म्हणवतो, अहले हदीस की सलफी, हे विचारून तेच नाव छापावे.